एक्झोराला फुलं येतात, पण फुलपाखरं का येत नाहीत?

अंगणवेल:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

कुंपणाच्या भिंतीला लागून लाल एक्झोराची सहा झुडपं लावली, त्याला आता तीन वर्षं होतील. लावली ती फुलपाखरांसाठीच. झुडपं कमरेएवढी झाली, पण तीन गोष्टी काही केल्या सुटत नाहीत. फुलं अगदी मोजकी येतात, तीही खालच्या अंगाला. वरचा भाग नुसता हिरवा. भिंतीकडची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागते, ती ही की जे चार गुच्छ येतात त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. मी सकाळी अर्धा-अर्धा तास उभी राहते. एखादी मुंगी दिसते, बस.

पाणी रोज, खत महिन्यातून एकदा, छाटणी दर पंधरा दिवसांनी. झुडपं अगदी चौकोनी, नीटनेटकी ठेवली आहेत. कुठे चुकतंय?

दवबिंदू:
ऊन किती तास मिळतं?

अंगणवेल:
सकाळी साडेआठपासून दुपारी दोनपर्यंत थेट ऊन. नंतर भिंतीची सावली.

मातीकाम:
मग ऊन पुरेसं आहे. मी "दर पंधरा दिवसांनी छाटणी" या शब्दांपाशीच अडकलो.

अंगणवेल ताई, एक्झोराचा गुच्छ नव्या फुटीच्या टोकालाच येतो. मागच्या जुन्या फांदीवर नाही, पानाच्या बगलेत नाही, अगदी शेंड्याला. फूट निघाली, चार-सहा पानं झाली की टोकाशी हिरवट, मोहरीएवढ्या गाठींचा पुंजका दिसायला लागतो. तोच पुढचा गुच्छ. तुमची कात्री नेमकी तोच पुंजका उडवते आहे. खालच्या अंगाला कात्री पोचत नाही, म्हणून तिथे फुलं.

छाटणी वर्षातून एकदा, मोठा बहर ओसरल्यावर करा. तीसुद्धा सपाट कात्रीने नको. हातातल्या छोट्या कात्रीने एकेक फांदी आत जाऊन, पानांच्या जोडीच्या जरा वर कापायची. एरवी फक्त वाळलेले गुच्छ काढा. झुडूप थोडं विस्कटलेलं दिसेल, ते दिसू द्या.

खतही विचारायचं होतं. नत्र जास्त असलेलं काही देता आहात का? पानं गच्च आणि फूल नाही, हे नत्राचंही लक्षण असतं.

अंगणवेल:
युरिया. मूठभर, महिन्याला. 😟

मातीकाम:
बंद करा. शेणखत किंवा कुजलेला पाचोळा तीन-चार महिन्यांतून एकदा घातला तरी पुष्कळ होतं.

कुंडीवाली:
पिवळ्या पानांवर मी लिहिते, कारण हे मी दोन वर्षं भोगलं आहे.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी पडतंय. जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र किंवा मॅग्नेशियम. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण झाडाला जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देता येतं, लोह तसं हलवता येत नाही. म्हणून लोहाची उपासमार शेंड्यालाच दिसते. जुन्या पानांवर जांभळट-तांबूस ठिपके आले तर ते वेगळं, तिथे पालाश, म्हणजे पोटॅश, बघायचं.

आता मेख अशी की मातीत लोह बहुधा असतंच. एक्झोराला आम्लधर्मी माती लागते, सामू, म्हणजे पीएच, साधारण ५ ते ६. भिंतीच्या सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर झिरपत राहतो, सामू वर जातो आणि लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. तुमची पिवळी पानं भिंतीकडच्याच बाजूला आहेत ना? पाणी जड असेल तर त्यातही भर.

उपाय: बुंध्याभोवती पाचोळ्याचं जाड आच्छादन, आणि थोडी गंधकाची भुकटी मातीत मिसळून. गंधकाचं आम्ल मातीतले जिवाणू करतात, त्यामुळे महिना-दोन महिने धीर धरावा लागतो. तोवर पानांवर हिराकसाची (फेरस सल्फेटची) अगदी पातळ फवारणी, संध्याकाळी, फुलं वाचवून. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल असं बांधून ठेवलेलं लोह, आणणार असाल तर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. ईडीटीएवालं चुनखडीच्या मातीत टिकत नाही.

नवशिक्या:
व्हिनेगर ओतलं तर? कुठेतरी वाचलं होतं.

कुंडीवाली:
नको. मातीत सामू तात्पुरता उतरतो आणि परत वर चढतो, आणि जरा जास्त पडलं तर मुळं भाजतात. माझं एक रोप त्यात गेलं.

भुंगा:
फुलपाखरांबद्दल. एक्झोराचं एक फूल खुडून हातात घ्या आणि नीट बघा. चार पाकळ्या, आणि त्यांच्याखाली इंच-दीड इंच लांबीची, सुईसारखी बारीक नळी. मकरंद त्या नळीच्या तळाशी. ज्याची सोंड तेवढी लांब, त्याचंच ते फूल. म्हणून त्यावर मोठी, शेपटीवाली फुलपाखरं येतात, शिंजीर पक्षी येतो, आणि मधमाशी बहुतेक वेळा वरूनच निघून जाते. शिवाय तिला लाल रंग लाल म्हणून दिसत नाही. मधमाश्यांना रंग ओळखता येतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी प्रयोग करून दाखवलं. त्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. निळा, पिवळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील, ही मधमाशीची दुनिया. फुलपाखरांपैकी पुष्कळांना लाल छान दिसतो.

फुलाच्या नळीची आणि सोंडेची अशी जोडी जमते, यावर डार्विनने १८६२ मध्ये पैज लावल्यासारखं विधान केलं होतं. मादागास्करच्या एका पांढऱ्या ऑर्किडची मकरंदनळी जवळजवळ फूटभर लांब. तो म्हणाला, एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. लोक हसले. डार्विन १८८२ मध्ये गेला आणि तसा पतंग १९०३ मध्ये नोंदला गेला. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगायला आवडते.

अजून एक बघा. नुकत्याच उमललेल्या फुलाच्या मधोमध जो सुळका वर येतो, त्यावर पिवळी भुकटी लागलेली असते. ते त्याच फुलाचे पराग, कळी मिटलेली असतानाच परागकोशांनी त्यावर ठेवलेले. फुलपाखराचं डोकं त्याला घासतं आणि पराग घेऊन जातं. नंतर तोच सुळका टोकाशी दुभंगतो आणि दुसऱ्या फुलाचे पराग घ्यायला तयार होतो. म्हणजे आधी देणारा, मग घेणारा. भिंग असेल तर मुलांना नक्की दाखवा.

दवबिंदू:
वाखुसा (वाचनखूण साठवली)! लहानपणी आम्ही तो मधला दोरा हळूच ओढून त्याच्या टोकाचा मधाचा थेंब जिभेवर टेकवायचो. आता कळलं की फुलपाखराच्या वाटणीचं खात होतो.

रानवारा:
एवढा खटाटोप कशाला? घाणेरी (टणटणी) लावा. पाणी नको, खत नको, छाटणीचं टेन्शन नाही, आणि फुलपाखरांची जत्रा. माझ्या अनुभवात दुसरं कुठलंही झुडूप तिच्या जवळपास येत नाही.

टिटवी:
रानवारा दादा, फुलपाखरं येतात हे खरं, पण घाणेरी लावा असं जाहीर सांगू नये, अशी कळकळीची विनंती. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जातींच्या यादीत ती आहे. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली, शोभेचं झुडूप म्हणून जगभर नेली गेली. पक्षी तिची काळी फळं खातात आणि बी रानोमाळ टाकतात. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही, स्थानिक झुडपांची रोपं उगवत नाहीत, आणि गुरांनी खाल्ली तर विषबाधा होते. एका फुलपाखराला मकरंद मिळतो, पण ज्या झाडावर ते अंडी घालणार ते झाडच तिथून हुसकलं जातं.

रानवारा:
माझ्या एका कुंडीतल्या घाणेरीने रान बिघडत नाही हो.

टिटवी:
बी कुंडीत थांबत नाही, हाच माझा मुद्दा आहे. ठेवायचीच असेल तर फळ धरण्याआधी प्रत्येक गुच्छ खुडायचा. ते होणार असेल तर माझी हरकत नाही.

रानवारा:
हे पटलं. आजपासून खुडतो. तिच्या एकाच गुच्छात पिवळी आणि लाल फुलं कशी, हे मात्र कोणीतरी सांगा.

भुंगा:
नवी उमललेली पिवळी, परागण झाल्यावर लालसर होतात. पिवळं म्हणजे आत मकरंद आहे, लाल म्हणजे फारसं उरलेलं नाही. फुलपाखरू अनुभवाने शिकतं आणि पिवळ्यावरच बसतं. लाल फुलं गळत नाहीत, कारण गुच्छ लांबून मोठा दिसायला त्यांचा उपयोग होतो.

पाचोळा:
अंगणवेल, एक प्रश्न राहिला आहे आणि तो कोणीच विचारला नाही. तुम्ही या झुडपांवर कुठलं औषध मारलं होतं का?

अंगणवेल:
हो. गेल्या वर्षी पांढरा कापूस लागल्यासारखा पिठ्या ढेकूण झाला होता. मुंग्या, चिकट काळी पानं, सगळंच. रोपवाटिकेतल्या माणसाने एक औषध दिलं, पाण्यात मिसळून मुळाशी ओतायचं. दोनदा ओतलं. शेवटचं दोन महिन्यांपूर्वी. डब्यावर इमिडाक्लोप्रिड लिहिलंय. ढेकूण गेला, म्हणून मी त्याचा उल्लेखही केला नाही.

पाचोळा:
हीच भीती होती.

हे आंतरप्रवाही औषध आहे. मुळांतून शिरतं आणि झाडाच्या रसाबरोबर पानात, कळीत, परागात, मकरंदात पोचतं. ढेकूण रस शोषून मरतो, पण मकरंद पिणारालाही त्यातलाच वाटा मिळतो. याच गटातली तीन औषधं, त्यात हे एक, युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्या शेतात वापरायला बंदी केली, आणि ती मुख्यतः मधमाश्यांसाठी. झुडपाच्या लाकडात ते वर्षभर, कधी त्याहून जास्त राहतं.

नवशिक्या:
म्हणजे वास येतो म्हणून फुलपाखरं येत नाहीत?

भुंगा:
नाही, आणि हे सगळ्यांनी नीट वाचा. किड्यांना ते बहुतेक कळतच नाही. मधमाशीला मकरंदात मिसळलेलं हे औषध चवीने ओळखता येत नाही, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे ती येणार, पिणार आणि वाट चुकणार. अंगणवेल यांच्याकडे कोणी येत नाही याचं कारण फुलंच कमी आणि खाली दडलेली, हे असावं. त्या चौकोनी छाटणीने नकळत पुष्कळ जीव वाचवले असतील.

म्हणून मातीकाम यांच्या सल्ल्यात मी एक बदल सुचवतो. छाटणीची कात्री ठेवून द्या, पण निदान पुढचं वर्षभर येणारा प्रत्येक कळ्यांचा पुंजका हाताने खुडा. फूल उमलूच देऊ नका.

मातीकाम:
मान्य. मी औषधाचं विचारायला हवं होतं. आणि दवबिंदू, औषध घातलेल्या झाडाचा तो मधाचा थेंब मुलांना चाटू देऊ नका.

अंगणवेल:
फुलपाखरांसाठी झाडं लावली आणि त्यांच्याच पेल्यात विष ओतलं. रात्री झोप लागली नाही. खुडते. एक वर्ष खुडते.

कुंडीवाली:
ताई, स्वतःला इतका त्रास करून घेऊ नका. ज्याने दिलं त्याने सांगितलं नाही, आणि डब्यावर ते बारीक अक्षरात असतं. पुढच्या वेळी पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा. मग साबणाचं पातळ पाणी, किंवा कापसाच्या बोळ्याने स्पिरिट. आणि मुंग्या बंद करा. ढेकणाचा गोड चिकटा त्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हाकलतात. बुंध्याला चिकट पट्टी गुंडाळली की राखणदार जातात.

टिटवी:
यात भर: ढेकणांच्या घोळक्यात एखादा ढेकूण जरा मोठा, लांब पांढऱ्या झुलपांचा आणि भराभर चालणारा दिसला तर त्याला मारू नका. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी असू शकते. एका जातीची अळी हुबेहूब ढेकणासारखी दिसते आणि ढेकूणच खाते. मी अशा कित्येक अळ्या चिरडल्या आहेत, कळल्यावर फार वाईट वाटलं.

पाचोळा:
वर्षभर फुलं नाहीत, तर तेवढ्यात अळ्यांची सोय करा. आपण सगळे मकरंदाचंच बोलतो, पण फुलपाखरू आयुष्यातले खाण्याचे दिवस अळी म्हणून काढतं आणि प्रत्येक जातीची अळी ठरावीक झाडंच खाते. लिंबू आणि कढीपत्ता असेल तर मॉरमॉन आणि लाइम ही फुलपाखरं. रुई असेल तर प्लेन टायगर. पानफुटी असेल तर रेड पिएरो, त्याची अळी तर पानाच्या आत शिरून गर खाते, बाहेरून फक्त पांढुरका पट्टा दिसतो. मादी पानावर पाय टेकवून चव घेते आणि योग्य झाड असेल तरच अंडं घालते.

मात्र ही झाडं त्या भिंतीलगतच्या मातीत लावू नका. वेगळ्या कुंड्या, नवी माती, आणि रोप आणताना त्यावर काय मारलं आहे ते विचारा.

नवशिक्या:
अळ्या कढीपत्ता संपवतात! माझं झाड गेल्या वर्षी खराट्यासारखं झालं.

पाचोळा:
परत फुटलं ना?

नवशिक्या:
फुटलं. आधीपेक्षा दाट.

अंगणवेल:
चौदा महिन्यांनी धागा वर काढतेय. बहुतेक जण विसरले असतील, मी विसरले नाही.

दर रविवारी सहाही झुडपांचे कळ्यांचे पुंजके खुडले. सुरुवातीला हात धजत नव्हता. युरिया बंद, गंधक एकदा, पाचोळा भरपूर. चार झुडपांची पानं गडद हिरवी झाली. भिंतीच्या कोपऱ्यातली दोन फिकटच राहिली, त्यातलं एक उचलून दोन फूट पुढे लावलं, ते जगलं. दुसरं मेलं.

दोन महिन्यांपूर्वी खुडणं थांबवलं. आता झुडपं कोणत्याही आकाराची नाहीत, फांद्या हव्या तशा बाहेर आल्या आहेत आणि प्रत्येकीच्या टोकाला तळहाताएवढा लाल गुच्छ आहे.

आणि परवा नऊच्या सुमाराला एक मोठं काळं फुलपाखरू आलं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. मला वाटलं बसेल. बसलं नाही. पाय जेमतेम टेकवून पंख सतत थरथरवत राहिलं, सोंड एका नळीतून काढायची, दुसरीत घालायची, असं गुच्छाभोवती गोल फिरलं. मी मोजलं, एका गुच्छावर एकोणीस फुलं. भुंगा यांनी सांगितलेली पिवळी भुकटी मला त्याच्या सोंडेच्या मुळाशी दिसली, इतकी जवळ होते. मग ते लिंबाच्या कुंडीकडे गेलं.

भुंगा:
काळं, पांढऱ्या ठिपक्यांची रांग, म्हणजे कॉमन मॉरमॉन. बसल्या बसल्या पंख थरथरवणं ही त्या कुळाची सवयच. लिंबाची कोवळी पानं बघा, पिवळट, मोत्यासारखी गोल अंडी एकेकटी घातलेली दिसतील. अंगणवेल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मातीकाम:
ताई, एक वर्ष खुडणं सोपं नव्हतं. फार बरं वाटलं.

अंगणवेल:
तीन अंडी सापडली!! एक नवी अडचणही आहे. एक्झोराच्याच काही कळ्या कुरतडलेल्या आहेत. गोगलगायीसारखी चपटी, खडबडीत, हिरवट-तपकिरी अळी, जेमतेम अर्धा इंच. काय करू?

टिटवी:
मंकी पझल नावाच्या छोट्या फुलपाखराची अळी असू शकते, ती एक्झोराच्या कळ्या आणि पानं खाते. फोटो टाका. या फुलपाखराला मागच्या पंखाला बारीक शेपट्या असतात, बसल्यावर ती शेपट्या हलवतं आणि मागची बाजूच डोकं वाटते. पाच झुडपांत दहा कळ्या गेल्या तर जाऊ द्या.

अंगणवेल:
जाऊ देते. डबा तर कधीच घरातून गेला.

नवशिक्या:
सगळा धागा आज परत वाचला. मलाही एक्झोरा लावायचा आहे, पण रोपवाटिकेतल्या रोपावर काय मारलंय ते कोण सांगणार? फांदीवरून येतो का?

मातीकाम:
येतो. ना अगदी कोवळी, ना लाकडासारखी टणक, अशी बोटभर फांदी घ्या. फूल नसलेली. खालची पानं काढा, वरच्या जोडीची अर्धी कापा, वाळू आणि कोकोपीटमध्ये लावून वरून प्लास्टिकची पारदर्शक बाटली उपडी घाला. सावलीत ठेवा. मुळं धरायला महिना-दीड महिना लागतो, मधे उपटून बघू नका. पहिले पुंजके खुडा, म्हणजे झुडूप दाट होईल. फांदी मात्र औषध न घातलेल्या झाडाची हवी.

अंगणवेल:
माझ्याकडची अजून सहा महिने देणार नाही. त्यानंतर हव्या तेवढ्या.